जुनं चेनसॉ मशीन गरम झालं की बंद पडतं, थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही: बिघाड कसा शोधायचा

सकाळी थंड मशीन दुसऱ्या-तिसऱ्या दोरीत सुरू होतं. पंधरा-वीस मिनिटं झकास चालतं, एखादा आकेशियाचा ओंडका आरपार होतो. मग रेस उतरते, मशीन एक-दोनदा मिसिंग करतं आणि बंद. त्यानंतर दोरी ओढून हात दुखले तरी दाद देत नाही. अर्धा तास सावलीत ठेवलं की काही झालंच नाही अशा थाटात परत सुरू, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

वापरलेलं जुनं मशीन घेतलेल्यांची ही तक्रार मी सतत ऐकतो. कोकणात २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते. आडव्या झालेल्या वाड्या मोकळ्या करायला तेव्हा अनेकांनी घाईने मशीनं घेतली. त्यातली बरीच आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. मधल्या काळात ती चार-चार महिने पडवीत पडून होती, मिळेल ते ऑइल प्यायली, आणि कोणी ना कोणी त्यांचे स्क्रू फिरवले.

हा बिघाड गॅरेजमध्ये का सापडत नाही, ते आधी समजून घ्या. आपण मशीन घेऊन तालुक्याला जातो, तोवर ते गार झालेलं असतं. मेकॅनिक दोरी ओढतो, मशीन लगेच सुरू. “दादा, मशीन तर ओके आहे, बिघाड कुठाय?” त्याचंही बरोबरच आहे. तरी रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून तो प्लग बदलतो, कार्बोरेटर धुतो, स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे करतो. पैसे जातात आणि दुखणं आहे तिथेच राहतं. वर मूळ सेटिंग हललं, म्हणजे पुढच्या माणसाचं काम आणखी अवघड.

म्हणून माझं सांगणं एवढंच: बिघाड झाडाखालीच शोधा, मशीन बंद पडल्यापासून पहिल्या तीन-चार मिनिटांत, ते तापलेलं असताना. तोपर्यंत कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात लावू नका. कामाला जाताना प्लगचा पाना, खात्रीचा एक चांगला प्लग, कोरडं फडकं आणि जाड हातमोजे सोबत ठेवा. खिशात विडी-सिगारेट नको. तापलेला सायलेन्सर आणि पेट्रोल अगदी जवळजवळ असतात.

बंद पडल्या पडल्या काय करायचं

पहिलं काम, टाकीचं झाकण. स्विच बंद करा, मशीन सपाट जागी ठेवा, तोंड बाजूला घ्या आणि झाकण अगदी सावकाश सैल करा. तापलेल्या टाकीत दाब असतो. झाकण एकदम उघडलं तर पेट्रोल कारंज्यासारखं उडून सायलेन्सरवर पडू शकतं, तेव्हा इथे घाई करू नका. सैल करताना आवाजाकडे लक्ष द्या. हवा बाहेर फुसकन आली तर घाबरू नका, उन्हात तापलेल्या पेट्रोलचा दाब तेवढा असतोच. पण हवा आत ओढली गेली आणि झाकण लावून दोरी ओढल्यावर मशीन सुरू झालं, तर चोर सापडला. टाकीचा ब्रीदर तुंबलाय.

पेट्रोल जसं संपत जातं तशी त्याच्या जागी टाकीत हवा यावी लागते. ती ब्रीदरमधून येते. काही मशीनांत ब्रीदर झाकणात असतो, काहींत टाकीच्या वरच्या बाजूला लहानशा नळीच्या टोकावर किंवा रबरी बुचात. तो एकतर्फी असतो, हवा आत घेतो पण पेट्रोल सहज बाहेर सोडत नाही. त्यात ऑइलमिश्रित भुसा बसला की टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरचा पंप पेट्रोल खेचू शकत नाही. खात्री करायची एक सोपी खूण आहे. टाकी काठोकाठ भरलेली असताना मशीन लवकर मरत असेल आणि पाव टाकीवर त्यापेक्षा जास्त वेळ चालत असेल, तर संशय ब्रीदरवरच घ्या. भरल्या टाकीत हवेला जागा कमी, म्हणून पोकळी लवकर होते. ब्रीदर काढून पेट्रोलने धुवा, उलट्या बाजूने फुंकून मोकळा करा. मोकळा होत नसेल तर बदला, पार्ट स्वस्त असतो. काही जण झाकणाला खिळ्याने भोक पाडतात. तसं करू नका. मशीन आडवं धरलं की त्यातून पेट्रोल गळतं आणि नेमकं सायलेन्सरच्या बाजूला ओघळतं.

आता विषय निघालाच आहे तर, चेन ऑइलच्या टाकीलाही असाच ब्रीदर असतो. टाकी भरलेली असून बारवर, म्हणजे चेन ज्या पट्टीवरून फिरते तिच्यावर, ऑइल येत नसेल तर पंप खोलण्याआधी तो बघा.

झाकण सैल करूनही मशीन सुरू झालं नाही, तर दुसरं काम करंट बघणं. झाकण घट्ट लावा, सांडलेलं पुसा, मशीन पेट्रोलच्या डब्यापासून चांगलं लांब न्या. प्लग काढून लगेच त्याच्या टोकाकडे बघा. ओला आहे, कोरडा आहे, की पांढरा पडलाय? ही माहिती पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा. मग सोबत आणलेला चांगला प्लग टोपीत घाला, त्याचं लोखंड सिलिंडरच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून शक्य तितकं लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ उडते. स्विच चालू करून दोरी ओढा. निळी, ठसठशीत ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे. ठिणगी नसेल, किंवा पिवळट, मध्येच गायब होणारी असेल, आणि हेच मशीन थंड झाल्यावर खणखणीत करंट देत असेल, तर ठिणगीचा करंट तयार करणारी कॉइल गरम होऊन बसते आहे.

पण कॉइल मागवायच्या आधी एक गोष्ट करा. कॉइलकडून स्विचकडे जाणारी बारीक वायर असते. स्विच बंद केला की ती वायर इंजिनच्या लोखंडाला टेकते आणि करंट मरतो. जुन्या मशीनमध्ये ही वायर कुठेतरी घासून उघडी पडते, बहुतेक वेळा मागच्या हँडलकडे वळते त्या कोपऱ्यात किंवा फॅनच्या कव्हरखाली दबलेली असते तिथे. गरम होऊन कव्हर मऊ झालं आणि इंजिन थरथरलं की वायर लोखंडाला टेकते, मशीन बंद. ती वायर कॉइलकडून सोडवा, टोक टेपने झाका आणि पुन्हा करंट बघा. करंट आला तर नवी कॉइल वाचली, नुसती वायर बदला. वायर सोडवलेली असताना मशीन स्विचने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावं लागेल, हे विसरू नका. अशा अवस्थेत त्याने लाकूड कापायचं नाही.

कॉइलच बदलायची वेळ आली तर कॉइल आणि मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) यांच्यातलं अंतर साधारण ०.३ मिलिमीटर ठेवतात. त्या जाडीचं पोस्टकार्ड दोघांच्या मध्ये धरायचं, चुंबक कॉइलला ओढून घेईल, मग स्क्रू आवळायचे आणि कार्ड काढून घ्यायचं. मॅग्नेट हाताने फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. प्लगचा गॅप बहुतेक मशीनांत ०.५ मिलिमीटर.

प्लग काय सांगतो

करंट आहे, तरी सुरू होत नाही. आता मघाचा प्लग आठवा.

प्लग पेट्रोलने भिजलेला असेल तर बहुतेक वेळा आपणच मशीन ओव्हर केलेलं असतं. गरम मशीनला चोक लागत नाही. बंद पडलं की माणूस सवयीने चोक ओढतो, दहा दोऱ्या मारतो आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साठतं. प्लग पुसा, स्विच बंद ठेवून, चोक उघडा ठेवून, प्लगशिवाय सहा-सात वेळा दोरी ओढा, आतलं पेट्रोल बाहेर येऊ द्या. मग प्लग लावून अर्धा अॅक्सिलेटर दाबून सुरू करा. चोक न ओढताही प्लग दर वेळी ओला निघत असेल तर कार्बोरेटरची सुई बसत नाहीये.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ब्रीदर तर आपण बघितला. पुढे टाकीतला फिल्टर. तारेच्या आकड्याने तो बाहेर ओढून घ्या आणि बदलूनच टाका, धुण्यात अर्थ नाही. त्याला जोडलेली रबरी लाईन बोटांनी वाकवून बघा. टाकीच्या भिंतीतून ती बाहेर येते त्या जागी बारीक चिरा असतात. थंड असताना चीर मिटलेली राहते, गरम होऊन रबर सैल पडलं की लाईन पेट्रोलऐवजी हवा ओढते.

आणि मग डायफ्रॅम. कार्बोरेटरमध्ये पातळ पडद्यासारखे दोन डायफ्रॅम असतात, एक पेट्रोल पंप करणारा, दुसरा सुई उघडणारा. ते लवचीक असले पाहिजेत. जुन्या मशीनमध्ये ते पापडासारखे कडक झालेले सापडतात. कार्बोरेटर वॉलब्रोचा आहे की झामाचा, त्यावरचा नंबर काय, हे बघून त्याच नंबरचं किट घ्या. खोलताना सुईचा लिव्हर किती उंचीवर आहे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नव्या सुईसोबत तीच उंची जमवायची असते. गॅस्केट आणि डायफ्रॅमचा क्रम दोन्ही बाजूंना वेगवेगळा असतो, त्याचाही फोटो हवा.

डायफ्रॅम आणि रबर इतक्या लवकर का जातात, त्याचं एक कारण आपल्या पेट्रोलमध्ये आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५मध्ये ते देशभर पसरलं. जुन्या मशीनांच्या पुस्तिका बहुधा दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल जुनं रबर कडक करतं, शिवाय हवेतला ओलावा शोषतं. कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी चार महिने ठेवली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला वेगळा थर बसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर लोळतो तळाला, म्हणजे गणपतीनंतर मशीन सुरू केल्यावर पिस्टनला पहिला घोट मिळतो तो बिनऑइलचा. माझ्या मते जुन्या मशीनांचे पिस्टन जाण्यामागे कामापेक्षा हा साठवणीचा प्रकार जास्त आहे. मृगाआधी टाकी पूर्ण रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालू ठेवा, कार्बोरेटरही कोरडा होईल. मिक्स केलेलं पेट्रोल महिन्याच्या आत संपवा. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे: ५०ला १ म्हणजे लिटरला २० मिलि ऑइल, ४०ला १ म्हणजे २५, २५ला १ म्हणजे ४०. मोजपात्र वापरा, अंदाजाने बाटलीचं झाकण ओतू नका.

कधीकधी सगळं धडधाकट असूनही मशीन दुपारीच त्रास देतं, सकाळी नाही. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून वाफ होते. असं होत असेल तर मशीन इतकं का तापतंय, ते शोधा. फॅनचं कव्हर उघडा. सिलिंडरच्या पात्यांमध्ये ऑइल आणि भुशाची भर बसलेली असते, माडाच्या झाडावर काम केलं असेल तर काथ्यासारखे धागेही गुंतलेले असतात. लाकडी काडीने खरवडा आणि ब्रशने झाडा. सिलिंडर आणि कार्बोरेटरच्या मध्ये उष्णता अडवणारा प्लॅस्टिकचा ठोकळा असतो, खोलाखोलीत तो हरवून थेट गॅस्केटवर कार्बोरेटर बसवलेलं मशीन विकायला आलेलं मी पाहिलंय. सायलेन्सरच्या तोंडावरची जाळी काजळीने बुजली असेल तर तीही साफ करा.

बोथट चेनमुळेही मशीन तापतं. चेनला धार असेल तर लाकडाच्या कपच्या पडतात, पीठ पडत असेल तर चेन बोथट झालीय आणि इंजिनाला तुम्ही रेटत आहात. कानस योग्य जाडीची घ्या: लहान मशीनांवरच्या बारीक ३/८ इंची चेनला ४ मिलिमीटर, .३२५ इंची चेनला ४.८. बारवर गाडीचं जळकं ऑइल टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइल पंप झिजतो, बार तापतो आणि तेच ऑइल झाडाच्या बुंध्यात आणि जमिनीत उतरतं. मी ते वापरत नाही आणि कोणी वापरू नये असं मला वाटतं.

मशीन ‘हवा घेतंय’ का?

हा भाग नीट वाचा, कारण बाकीचे दोष मशीन बंद पाडतात, हा मशीन मारतो. क्रँकचे ऑइल सील, कार्बोरेटरमागचं रबरी बूट, किंवा कार्बोरेटरच्या पंपाला धक्के पोहोचवणारी इम्पल्स लाईन, यांपैकी कुठे फट पडली तर इंजिनात जास्तीची हवा शिरते. त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. इंजिन भन्नाट रेस घेतं, जोरदार चालतंय असं वाटतं, आणि आत पिस्टन कोरडा घासत असतो. गरम होऊन बंद पडणं ही त्याची शेवटून दुसरी पायरी. शेवटची म्हणजे सीज, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसणं.

लक्षणं अशी: अॅक्सिलेटर सोडल्यावर रेस लगेच खाली न येता रेंगाळते. स्लो कधी वर, कधी खाली. मशीन एका कुशीवर वळवलं की स्लो बदलतो. प्लग पांढुरका. स्लोवर सोडलेलं असतानाही चेन सरकते, आणि हे पायासाठी फार धोक्याचं आहे. यातलं काहीही दिसलं की काम थांबवा, त्या दिवशीचं लाकूड राहू दे. रेस जास्त जाते म्हणून कार्बोरेटरचा एचचा स्क्रू (फुल रेसचं पेट्रोल ठरवणारा) उघडून जास्त पेट्रोल सोडणं हा उपाय नाही. त्याने लक्षण झाकलं जातं, फट तशीच राहते. विकायच्या आधी काही जण नेमकं हेच करतात, म्हणून धूर ओकणारं जुनं मशीन घेताना सावध राहा.

खरी तपासणी म्हणजे प्रेशर टेस्ट. सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये साधारण अर्धा बार दाबाने हवा भरायची आणि काटा उतरतो का बघायचं, मग उलट पोकळी करूनही बघायचं, कारण काही सील फक्त आत ओढताना गळतात. हे घरी करण्यासारखं नाही, पण मेकॅनिक निवडताना त्याच्याकडे हे साधन आहे का हे जरूर विचारा. नसेल तर दुसरा बघा. एक तपशील: श्टीलच्या एमएस १७० आणि १८० सारख्या मशीनांत क्रँकचे बेअरिंग आणि सील सिलिंडर व खालच्या भागाच्या मध्ये धरलेले असतात आणि तो जोड सीलंटने बंद केलेला असतो. कोणी आधी इंजिन खोलून सीलंट न लावता आवळलं असेल, तर तिथून हवा शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जुन्या मालकाला विचारा, “इंजिन कधी खोललं होतं का?”

पिस्टन उरलाय का

ब्रीदर, करंट, पेट्रोल सगळं ठीक, तरी गरम झाल्यावर सुरू होत नाही. मग कॉम्प्रेशन बघायचं. प्लग लावलेला आणि स्विच बंद असताना दोरीची मूठ धरून मशीन हवेत लोंबकळू द्या, जमिनीपासून थोडंच वर. मशीन अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली आलं तर कॉम्प्रेशन बरं आहे. गार असताना असं येतं आणि गरम असताना सरळ घसरतं, तर रिंग किंवा सिलिंडर झिजलंय. गेज असेल तर १५० पीएसआयच्या आसपास आकडा निरोगी समजा, ११०च्या खाली गेला तर गरम मशीन सुरू होण्याची आशा कमी.

मशीन थंड झाल्यावर सायलेन्सरचे बोल्ट काढून टॉर्चने आत बघा. पिस्टनच्या अंगावर बारीक, समान रेषा असतील तर वापराच्या आहेत. उभे खोल ओरखडे, आणि रिंगच्या वर चमकणारा ओढलेला अॅल्युमिनियम दिसला तर ते सीजचं आहे. नुसता पिस्टन बदलून पुढे जाऊ नका. तो कशाने सीज झाला, हवेने की बिनऑइलच्या पेट्रोलने, ते सापडल्याशिवाय नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल. स्वस्त चिनी ५८ सीसी मशीन असेल आणि सिलिंडरवर ओरखडे उमटले असतील, तर हिशोब करा. पिस्टन-सिलिंडर, सील, मजुरी धरून बहुतेक वेळा दुरुस्ती परवडत नाही, सुट्या भागांसाठी मशीन ठेवलेलं बरं. चांगल्या कंपनीचं, बॉडी न फुटलेलं मशीन असेल तर मात्र पैसे घालायला माझी हरकत नाही, ती पुढे अनेक वर्षं काम देतात.

जुनं मशीन घ्यायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. सिलिंडरला हात लावून गार आहे ना बघा. मग जाड ओंडक्यावर पंधरा मिनिटं सलग चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि चोक न ओढता सुरू करा. गार मशीन सुरू होतं हे बघून पैसे देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावरही हीच परीक्षा घ्या, भरल्या टाकीवर आणि शक्यतो दुपारी. टाकी संपेपर्यंत दोन-तीन वेळा मध्ये बंद करून परत सुरू करा. बंद करण्याआधी मिनिटभर स्लोवर राहू द्या, म्हणजे फॅनची हवा सिलिंडरला लागते. या परीक्षेतही अडलं तर पुन्हा झाकणापासून सुरुवात करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहून ठेवा. मेकॅनिककडे जाताना ती चिठ्ठी आणि बंद पडल्या क्षणी काढलेला प्लग, दोन्ही सोबत न्या.